हौशी छायाचित्रकारासाठी डार्कटेबल: पाच वर्षांच्या वापरानंतर

गेल्या पाच वर्षांत माझ्या कॅमेऱ्यातून निघालेली जवळजवळ प्रत्येक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ माहिती, मी डार्कटेबल या फोटो एडिट करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट केली आहे. फोटोग्राफी हा माझा व्यवसाय नाही. आषाढात वारी, भाद्रपदात पुण्याची विसर्जन मिरवणूक, पाऊस ओसरताना कासचे पठार आणि थंडीत भिगवण, एवढे वर्षभरात नोकरी सांभाळून जमते. नवा कॅमेरा घेतलेले ओळखीचे लोक एडिटिंगसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे असे विचारतात, तेव्हा मी डार्कटेबलचेच नाव घेते. पण ते सरसकट सगळ्यांना सुचवत नाही, आणि त्याची कारणे सविस्तर सांगण्यासारखी आहेत.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा, तो म्हणजे आपण रॉमध्ये फोटो काढतो का. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेरा किंवा मोबाइल तयार करून देतो त्या नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगासाठी उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात; काळवंडलेला चेहरा उजळवायचा किंवा ढगांतला तपशील परत आणायचा, तर हाच फरक उपयोगी पडतो. जो फक्त जेपेग किंवा मोबाइलवरचे फोटो काढतो त्याला स्नॅपसीड हे मोबाइल अॅप पुरेसे आहे, आणि त्याने डार्कटेबल शिकण्यात महिने घालवू नयेत.

डार्कटेबलची सुरुवात २००९ मध्ये योहानेस हानिका यांनी केली, आणि आज जगभरातले स्वयंसेवक ते पुढे नेत आहेत. ते लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर चालते, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली पूर्णपणे मोफत आहे, आणि साधारणपणे वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि नाताळच्या सुमारास, त्याची नवी आवृत्ती येते. ‘मोफत’ या शब्दामुळे ते दुय्यम असेल असा समज होतो, तो मात्र काही दिवसांच्या वापरातच गळून पडतो.

अर्थात ते काही दिवस कठीण असतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास दिसलेला फोटो डार्कटेबलमध्ये उघडल्यावर फिका आणि निर्जीव दिसतो, आणि बहुतेक नवशिके तिथेच सॉफ्टवेअर बंद करतात. पडद्यावर दिसत होते ते कॅमेऱ्याने स्वतःच्या पद्धतीने रंग आणि कॉन्ट्रास्ट चढवून तयार केलेले जेपेग होते. डार्कटेबल तो निर्णय आपल्यावर सोपवते. शिवाय मॉड्यूलची, म्हणजे एकेका कामासाठीच्या साधनांची, संख्या मोठी आहे, एकच काम करणारी दोन-तीन मॉड्यूल शेजारी दिसतात, आणि प्रकाशाची रंगछटा दुरुस्त करणाऱ्या व्हाइट बॅलन्स व कलर कॅलिब्रेशन या दोन मॉड्यूलचे परस्परसंबंध समजून घेतल्याशिवाय रंग बदलायला गेले तर सॉफ्टवेअरच इशारा देऊ लागते. मी नवशिक्यांना सांगते की पहिले दोन महिने एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड (उजेड आणि कॉन्ट्रास्ट पडद्याला साजेसा करणारे), कलर बॅलन्स आरजीबी, लेन्स करेक्शन आणि डीनॉइज (फोटोतले दाणे कमी करणारे) यांखेरीज कशालाही हात लावू नये. माझे बहुतेक फोटो आजही एवढ्यावरच पूर्ण होतात.

या कष्टाचे मोल मला पहिल्यांदा कळले ते वारीच्या फोटोंमुळे. दिवे घाटात दुपारच्या उन्हात पांढरे धोतर, पांढरी टोपी आणि टोपीच्या सावलीत गेलेला सावळा, रापलेला चेहरा, यापेक्षा अवघड प्रकाश क्वचितच वाट्याला येतो. चेहऱ्यासाठी उजेड वाढवला की धोतराच्या चुण्या नाहीशा होऊन नुसता पांढरा डाग उरतो; धोतर सांभाळले की चेहरा अंधारात जातो. गडद भाग उजळवणाऱ्या सर्वसाधारण शॅडोजच्या स्लायडरने चेहरा उजळतो खरा, पण त्याच्या कडेभोवती अनेकदा एक फिकट कड उमटते आणि त्वचा राखेसारखी दिसू लागते. डार्कटेबलचे टोन इक्वलायझर हे मॉड्यूल प्रतिमेतला उजेड उणे ८ ते ० ईव्ही (उजेड मोजण्याचे एकक; एक ईव्ही म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) अशा नऊ पट्ट्यांत विभागते. चेहऱ्यावर माउस नेऊन चाक फिरवले की त्या पट्टीतलाच उजेड बदलतो, आणि सुरकुत्या, घामाचे थेंब, कपाळावरचा बुक्का हे सारे जसेच्या तसे राहते. माणसांचे फोटो काढणाऱ्याने केवळ या एका मॉड्यूलसाठी डार्कटेबल शिकावे असे मला मनापासून वाटते.

विसर्जन मिरवणुकीचा प्रश्न वेगळा असतो. रात्री एलईडीचा गडद निळा झोत आणि हवेत उधळलेला गुलाल यांमुळे लाल, हिरवा, निळा या तीन मूळ रंगांपैकी एखादाच पार टोकाला जातो, बाकीचे दोन मागे राहतात, आणि फोटोत तपशील नसलेले निळे-गुलाबी ठिपके उरतात. मुळातच जळालेला रंग कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, म्हणून कॅमेऱ्यातच एक्स्पोजर कमी ठेवावे लागते. पुढचे काम सिग्मॉइड करते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेले हे मॉड्यूल भडक रंग जसजसे उजळतात तसतसे हळूहळू पांढऱ्याकडे नेते, त्यामुळे दिव्याचा झोत दिव्यासारखा वाटतो, रंगाचा थर फासल्यासारखा वाटत नाही. कासच्या फोटोंत पॅरामेट्रिक मास्क, म्हणजे रंग किंवा उजेडावरून फोटोचा ठरावीक भाग निवडण्याची सोय, कामी येतो, कारण ‘सीतेची आसवे’ या फुलांचा जांभळा रंग तेवढा निवडून खुलवता येतो आणि भोवतालच्या गवताला धक्का लागत नाही. भिगवणला पहाटेच्या अपुऱ्या उजेडात काढलेल्या रोहित पक्ष्यांसाठी डीनॉइज आहे. ते कॅमेऱ्याचे मॉडेल आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) यांनुसार आधीच मोजून ठेवलेल्या नोंदी वापरते.

आता अडोबी कंपनीच्या लाइटरूम या वर्गणीवर मिळणाऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरविषयी. २००७ मध्ये आलेले हे सॉफ्टवेअर शिकायला निश्चितच सोपे आहे, आणि त्यातील एका क्लिकवर आकाश किंवा व्यक्ती निवडण्याची सोय, तसेच २०२३ पासूनचे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेले डीनॉइज यांचे कौतुक करायलाच हवे. लग्नसमारंभाचे हजारभर फोटो दोन दिवसांत द्यायचे असतील, तर तेच घ्यावे. हौशी माणसाचे गणित निराळे असते. तो काही महिने भरपूर फोटो काढतो आणि काही महिने कॅमेरा कपाटात राहतो, पण वर्गणी मात्र दरमहा भरावी लागते. वर्गणी थांबवली तर लाइटरूम क्लासिकमध्ये (लाइटरूमची संगणकावरची आवृत्ती) फोटो पाहता आणि निर्यात करता येतात. डेव्हलप हा विभाग, म्हणजे ज्यासाठी सॉफ्टवेअर घेतले तोच भाग, बंद होतो. वीस वर्षे जपायच्या संग्रहासाठी ही अट मला मान्य नाही.

डार्कटेबलच्या उणिवाही नीट समजून घ्याव्यात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर काही मॉड्यूल, विशेषतः फोटो मऊ किंवा तीक्ष्ण करणारे डिफ्यूज ऑर शार्पन, फार वेळ घेतात. लेन्सचे दोष दुरुस्त करण्यासाठीची माहिती बहुतांशी लेन्सफन या स्वयंसेवी संग्रहातून येते, त्यामुळे बाजारात नुकत्याच आलेल्या लेन्सची नोंद तिथे व्हायला वेळ लागतो. पार्श्वभूमी बदलणे किंवा फोटोवर मजकूर रचून आमंत्रण तयार करणे ही त्याची कामे नव्हेत. त्यांसाठी गिंप हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. आणि ज्यांना एवढे शिकायचेच नाही त्यांनी कॅमेरा कंपनीचे मोफत सॉफ्टवेअर, म्हणजे कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल किंवा निकॉनचे एनएक्स स्टुडिओ, आधी वापरून पाहावे. त्यात रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसले तसेच मिळतात.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एडिटिंगची नोंद कुठे राहते. डार्कटेबल मूळ रॉ फाइलला हात लावत नाही. केलेला प्रत्येक बदल ते शेजारच्या छोट्याशा एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवते. बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घेताना दोन्ही फाइली सोबत नेल्या की काम सुरक्षित राहते. जुनी मॉड्यूल नव्या आवृत्तीत यादीतून काढली तरी ती वापरून केलेले फोटो पूर्वीसारखेच उघडतात. अलीकडेच मी दिवे घाटातल्या एका वृद्ध वारकऱ्याचा जुना फोटो उघडला, त्याची डुप्लिकेट नोंद तयार केली आणि तिच्यावर सिग्मॉइड व टोन इक्वलायझर लावून काम पुन्हा पहिल्यापासून केले. आता त्या एकाच रॉ फाइलशेजारी दोन एक्सएमपी फाइली आहेत, आणि छपाईला मी दुसरी पाठवली आहे.