‘गाडी मऊ करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून जपा: बडोद्यातला माझा अनुभव

बडोद्यात कुणी तुम्हाला “टायर आणि शॉकअप बदला, गाडीचा पाळणा करून देतो” असं सांगत असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचून घ्या. दुकानाचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगाकडे आहे. शिवाय नाव कळून फार काही साधणार नाही. पुढच्या गल्लीत दुसरं दुकान हाच खेळ खेळत असेल. युक्त्या कळल्या तर उपयोग.

आईला मणक्याचं दुखणं आहे, आणि गरुडेश्वरला टेंब्ये स्वामींच्या समाधीचं दर्शन चुकवायचं नाही हा तिचा नेम. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर ओसरल्यावर शहरातल्या रस्त्यांची काय अवस्था झाली होती, ते बडोदेकरांना सांगायला नको. आमची गाडी हॅचबॅक, वरचं मॉडेल. अलॉय रिम, टायर 195/55 आर 16. दिसायला झकास, पण प्रत्येक खड्डा आईच्या कमरेपर्यंत पोचायचा.

हे आकडे सगळ्यांना समजायला हवेत, कारण पुढची फसवणूक त्यांच्याच आडोशाने झाली. 195 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 55 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या 55 टक्के, म्हणजे साधारण 107 मिलिमीटर. 16 हा रिमचा व्यास, इंचांत. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर आणि हवा असते ती एवढीच, 107 मिलिमीटर. आता त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनीच 185/65 आर 15 देते. तिथे भिंत 120 मिलिमीटर, म्हणजे 13 मिलिमीटरने उंच. रिम एक इंचाने लहान झाल्यामुळे पूर्ण चाकाचा व्यास मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, 621 मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही आणि चाक मडगार्डला घासत नाही. शोरूममध्ये मोठ्या रिमचे जास्त पैसे मोजून आपण कमी आराम विकत घेतो, हे तिथे कुणी सांगत नाही!

तर 15 इंची रिमवर यायचं हे माझं आधीच ठरलं होतं, आणि तो बेत आजही बरोबरच वाटतो. रिम ब्रेकवर नीट बसते याचीही खात्री करून घेतली होती. गाडी ऐंशी हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली, म्हणून शॉकअपही बदलायचे होते.

दुकान दांडिया बाजारातल्या एका ओळखीतून कळलं. मालक मराठी, साठीच्या घरातला. पहिल्याच भेटीत वडिलांची नोकरी कुठे होती, आमचं मूळ गाव कुठलं, सगळी विचारपूस झाली. आईला “काकू, तुम्ही बसा, चहा घ्या” म्हणाला. मला म्हणाला, “तू आपल्यातला. गुजराती गिऱ्हाइकाला सांगतो तो भाव तुला सांगणार नाही.” परमुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांवर हे वाक्य कसं काम करतं, ते अशी माणसं पक्की ओळखून असतात. त्यातही गंमत अशी की नंतर माझ्या बाजूने धावून आला तो गुजरातीच.

त्याने अंदाजपत्रक व्हॉट्सॲपवर पाठवलं, मीच लेखी मागितलं होतं म्हणून. चार नवीन टायर 20,800, चार लोखंडी रिम 8,800, चार नवीन गॅस शॉकअप 12,000, स्प्रिंगमधले ‘कम्फर्ट बफर’ 3,500. त्यातून माझे अलॉय आणि जुने टायर 12,000ला त्याने घेतले. देणं उरलं 33,100. टायर स्वस्त कसे, असं विचारल्यावर म्हणाला, “अरे, एका बाजूला लिमडा, दुसऱ्या बाजूला हालोल. दोन्हीकडे टायरचे कारखाने. बडोद्यात टायर महाग घेणारा वेडा.” कारखाने आहेत हे खरंच आहे. पण कारखाना शेजारी असला म्हणून दुकानातला माल तिथून काल निघाला असं होत नाही, आणि कारखान्याचा या व्यवहाराशी काही संबंधही नव्हता. शेजारच्या कारखान्याची पत आपल्या मालाला चिकटवण्याची ती युक्ती होती.

टायर कधीचे, हे मी विचारलं होतं. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2324 असेल तर 2024 सालचा तेविसावा आठवडा. टायर गाडीला चढलेले होते आणि बाहेरच्या बाजूला असे आकडे कुठेच दिसेनात. तो म्हणाला, “या मालावर बाहेर नसतं, हे बघ लेबल.” नक्षीवर चिकटवलेलं कागदी लेबल, त्यावर 2024चाच महिना. लेबल छापील, टायर काळाभोर, चकचकीत.

मग त्याने चक्कर मारायला लावली. रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत जाऊन आलो. गाडी खरोखर मऊ लागत होती. आई मागच्या सीटवर बसून खूश. बिलाबद्दल म्हणाला, कॉम्प्युटर बंद आहे, उद्या घेऊन जा. पैसे एका खासगी नंबरावर यूपीआयने घेतले. बिल ‘उद्या’ कधीच आलं नाही. चौथ्यांदा मागितल्यावर सूर बदलला: “पक्कं बिल हवं तर 28 टक्के जीएसटी वर द्यावा लागेल.” तेव्हा टायरवर तेवढाच कर होता, सप्टेंबर 2025पासून 18 टक्के झाला आहे. पण अंदाजपत्रकात कर वेगळा आहे असा एक शब्द नव्हता.

मऊपणाचं रहस्य पेट्रोल पंपावर उघडं पडलं. हवा तपासली तर चारही चाकांत दाब 22 पीएसआय! आमच्या दरवाज्यावरच्या पट्टीवर 33 लिहिलंय. कमी हवेवर कुठलीही गाडी संथ वेगात मऊच लागते. त्या दोन मैलांच्या चकरेत मला जे आवडलं, ते त्याच्या टायरमुळे नव्हतं आणि शॉकअपमुळे तर नव्हतंच. अशी हवा ठेवून गाडी पळवली तर टायरची भिंत सतत दुमडते, तापते, आणि हायवेवर फुटू शकते. त्याने ‘नायट्रोजन भरलाय’ म्हणून वर दोनशे रुपयेही घेतले होते. साध्या हवेत नायट्रोजन 78 टक्के असतोच. हवा मापात भरली असती तर मी काही बोललो नसतो.

हवा 33 केली आणि गाडी पहिल्यापेक्षाही आदळायला लागली. खड्ड्यात धाडकन, आणि अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर पुलाचा सांधा ओलांडला की नंतर दोन-तीन हेलकावे. आदळते पण आणि डुलते पण, हे कोडं मला उलगडेना. मकरपुऱ्यातल्या एका जुन्या कारागिराकडे गाडी नेली. त्याने चाकं उतरवली, पुढचा शॉकअप हाताने चाचपला आणि म्हणाला, “साहेब, आ जम्पर तो रंगेलुं छे.” म्हणजे, हा शॉकअप तर रंगवलेला आहे.

रंग नखाने निघत होता. खाली गंजाचे खड्डे, रबरी बुशवरही त्याच काळ्या रंगाचे शिंतोडे. कारखान्यातून आलेल्या शॉकअपच्या रबरावर रंग कसा येईल? खोलून काढल्यावर त्याने दांडी दाबून आत ढकलली. गॅसचा शॉकअप असेल तर दांडी आपली आपण सावकाश वर येते. ही आत गेली ती तिथेच बसली. गॅस नव्हताच. जुनी नळी, त्यात पातळ तेल, वर रंग. पातळ तेलामुळे गतिरोधकावर सुरुवातीला मऊ वाटतं, पण स्प्रिंगचा हेलकावा थांबवणं हे शॉकअपचं खरं काम, ते होत नाही. वेगात हेच धोकादायक ठरतं, कारण चाक रस्त्याला धरून राहत नाही.

मग ‘कम्फर्ट बफर’. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकवलेले रबराचे जाड तुकडे. ते बसवले की स्प्रिंगचे तेवढे वेढे दबायचे बंद होतात. कामाचे वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, मऊ नाही. दुकानदाराला ते का हवे होते, तेही कारागिराने सांगितलं: शॉकअप मेलेला आहे हे गिऱ्हाइकाला डुलण्यावरून लगेच कळू नये म्हणून. आराम मिळेल म्हणून मी 3,500 दिले ते गाडी कडक करण्याचे. आदळण्याचं आणि डुलण्याचं कोडं तिथे सुटलं.

आणि टायर. चाक जमिनीवर आडवं टाकल्यावर आतली भिंत पहिल्यांदाच नीट दिसली. पुढच्या दोन टायरवर 1119, मागच्या दोनवर 4618. म्हणजे 2019च्या मार्चमधले आणि 2018च्या नोव्हेंबरमधले. घेतले तेव्हाच साडेपाच-सहा वर्षांचे. बऱ्याच टायरवर तारखेचा पूर्ण कोड एकाच बाजूला असतो. ज्यावर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं तो उलटा बसवता येत नाही, पण साध्या नक्षीच्या टायरला कुठलीही बाजू बाहेर चालते. त्याने चारही टायर तारीख आत करून चढवले होते. चारही! एखादा असता तर योगायोग म्हटला असता. रबर पडून पडून कडक होतं, पावसात पकडही कमी होते. वर पॉलिश मारलं की डोळ्याला फरक कळत नाही. लेबल दुसऱ्या टायरचं काढून चिकटवलेलं असणार.

म्हणून टायर रिमवर चढण्याआधी, सुटा असताना, दोन्ही बाजू स्वतः फिरवून बघा आणि आकड्यांचा फोटो काढा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे. साइज जुळते का ते बघतानाच साइजपुढे लिहिलेला भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, पण बघा. 88 म्हणजे एका टायरला 560 किलो, 84 म्हणजे 500. मूळ आकड्यापेक्षा कमी घेऊ नका. ‘एक्सएल’ लिहिलेला टायर जास्त वजनासाठी आतून मजबूत केलेला असतो. गाडीला त्याची गरज नसेल आणि मऊपणा हवा असेल तर तो टाळलेला बरा. शॉकअप खोक्यातून तुमच्यासमोर काढायला सांगा, दांडी दाबून बघा, आणि काढलेले जुने शॉकअप परत मागा. माझे जुने त्याने ठेवून घेतले. ते आता कुठल्या गाडीखाली रंगून बसलेत देव जाणे.

मकरपुऱ्यात मग पुढचे दोन्ही आणि मागचे दोन्ही शॉकअप नवे बसवले, खोके फोडून, पार्ट नंबर बिलावर घालून. शॉकअप वर जिथे गाडीला जोडतात ते माउंट, आणि शॉकअप पूर्ण दबला तर धक्का झेलणारे आतले बंप स्टॉपही बदलले. कारागिराच्या म्हणण्याप्रमाणे अर्धा धाडधाड आवाज त्या झिजलेल्या माउंटचाच होता, आणि त्यांची किंमत शॉकअपच्या मानाने किरकोळ. बुशचे बोल्ट त्याने गाडी चाकांवर उतरवल्यावर घट्ट केले. हवेत लटकत असताना आवळले तर बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. शेवटी चाकांची अलाइनमेंट. टायर ताजे घेतले, त्याच साइजचे, तारीख बाहेर. हवा सकाळी, गाडी थंड असताना, 33. आता आई गरुडेश्वरहून आल्यावर कमरेऐवजी प्रसादाबद्दल बोलते.

पहिल्या दुकानात मी फोटो घेऊन गेलो तेव्हा चहा मिळाला नाही. “तेव्हा बघून घेतलंत ना?” एवढंच. ‘तू’चं ‘तुम्ही’ झालेलं. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि लेखी नोटीस पाठवली. सोबत व्हॉट्सॲपचं अंदाजपत्रक, ज्यात ‘नवीन’ हा शब्द त्याने स्वतः दोनदा लिहिलाय, यूपीआयची नोंद, टायरच्या आकड्यांचे फोटो, रंगलेल्या शॉकअपचा व्हिडिओ आणि कारागिराने सही करून दिलेलं वर्णन. खासगी नंबरावर पैसे घेऊन तो सुटेल असं त्याला वाटलं असावं. पण खात्यावर नाव त्याचंच निघालं.

नोटीस मिळाल्यावर टायरचे 20,800 रोख परत आले, टायर त्याने उचलून नेले. शॉकअप आणि बफरचे 15,500 द्यायला तो तयार नाही. म्हणतो, नवे होते, तुम्ही बदलून आणलेत. अलॉय तर त्याने केव्हाच विकले. त्या 15,500साठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकील घेतलाच पाहिजे असंही नाही, फक्त तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याच्याकडून ‘नवे’ शॉकअप घेतलेलं आणखी कुणी असेल तर एकदा चाक उतरवून बुशवर रंगाचे शिंतोडे आहेत का बघा, आणि असले तर काहीही पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.