जहाजाला चार तारे, कार्यालयाला दीड

जहाजाला चार तारे का दिले ते आधी सांगते, म्हणजे पुढचं रडगाणं एकतर्फी वाटणार नाही. जहाज वाटेत बिघडल्यावर कॅप्टन दिवसातून तीनदा स्वतः बोलायचा. माहिती नसेल तर "अजून कळलेलं नाही" असं सरळ सांगायचा. आमची केबिन आवरणारा मुलगा चार दिवस प्रवाशांची चिडचिड ऐकून घेत होता, तरी त्याच्या तोंडून वाकडा शब्द आला नाही. जहाजावरच्या माणसांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हे परीक्षण आहे किनाऱ्यावर बसलेल्या क्रूझ कंपनीचं, म्हणजे आम्ही उतरल्यानंतर पुढचे चार महिने तिने आमच्याशी जो व्यवहार केला त्याचं.

सात रात्रींचा प्रवास होता. रविवारी बार्सिलोनाहून निघायचं, मग नेपल्स, रोमसाठी चिवितावेक्किया, लिव्होर्नो, मार्से, पाल्मा आणि पुढच्या रविवारी पहाटे पाचला परत बार्सिलोना. मंगळवारी नेपल्स छान झालं. त्याच रात्री पावणेबाराला मला जाग आली, ती आवाजाने नाही, आवाज थांबला म्हणून. केबिनच्या टीव्हीवर जहाजाचा वेग दाखवणारा एक चॅनेल असतो. संध्याकाळी तिथे अठरा नॉट होते, आता सहा. थोड्या वेळाने शून्य.

पहाटे दाराखालून एक पत्र सरकलं. प्रोपल्शनच्या एका पॉडमध्ये तांत्रिक बिघाड झाला आहे, वेग कमी राहील, चिवितावेक्कियाला उशिरा पोहोचू, खाली कॅप्टनची सही. (पॉड म्हणजे जहाजाच्या बुडाखाली टांगलेली मोटर आणि पंखा. तो स्वतःभोवती पूर्ण फिरतो, म्हणून अशा जहाजांना वेगळं सुकाणू लागत नाही. एक पॉड गेला की अर्धा जोर गेला आणि वळण्यातला अर्धा हातही गेला. हे सगळं मला बुधवारी बारजवळ भेटलेल्या एका निवृत्त मरीन इंजिनिअरकडून कळलं. त्या दिवशी त्यांच्याभोवती कॅप्टनपेक्षा जास्त गर्दी होती.)

मी बँकेच्या तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली. कागद टाकायचा नाही ही खोड तिथली. पत्र वाचून मी ते घडी न घालता बॅगेच्या तळाशी सपाट ठेवलं. आमचे हे म्हणाले, "आता याचं काय लोणचं घालणार आहेस?" पुढचं सगळं त्या कागदामुळे निभावलं, म्हणून एवढं सांगितलं.

सकाळी सातऐवजी दुपारी तीनला चिवितावेक्कियाला लागलो. रोम तिथून सत्तरएक किलोमीटर आणि परत यायची वेळ रात्री साडेनऊ. तरणी मंडळी धावत गाडी पकडून गेली. यांच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. मग पाणबुडे उतरले, तंत्रज्ञ आले आणि गुरुवार, शुक्रवार जहाज तिथेच बांधलेलं राहिलं. दोन जादा दिवस मिळाले, रोम निवांत बघून झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. कंपनीलाही पुढे तसंच वाटलं, तिने ते लेखी कळवलं. प्रत्यक्षात गुरुवारी सकाळी फलक लागला, सगळ्यांनी एक वाजेपर्यंत जहाजावर परत यावं, जहाज सुटण्याची शक्यता आहे. एकला सगळे हजर. जहाज जागेवर. शुक्रवारी परत तोच फलक, या वेळी चारचा. अशा वेळी रोमला जायची हिंमत कोण करणार? बंदराशेजारचा मायकेलँजेलोच्या नावाचा किल्ला आम्ही चार वेळा बघितला. चौथ्यांदा तिथल्या मांजरीनेही ओळख दाखवली.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला कमी वेगाने निघायची परवानगी मिळाली. लिव्होर्नो, मार्से, पाल्मा तिन्ही रद्द. सरळ बार्सिलोना, साधारण चव्वेचाळीस तास. रविवारी पहाटे पाचऐवजी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी धक्क्याला लागलो. आमचं विमान दोन वीसचं होतं आणि आम्ही जहाजातून बाहेर पडलो तीनला.

कंपनीचं खरं रूप धक्क्यावरच दिसलं. तिथे दोन टेबलं मांडली होती. ज्यांनी विमानाची तिकिटं कंपनीमार्फत काढली होती त्यांना पहिल्या टेबलावर नवी तिकिटं आणि हॉटेलची चिठ्ठी मिळत होती. आमच्यासारख्या स्वतः तिकीट काढणाऱ्यांना दुसऱ्या टेबलावर विमान कंपन्यांच्या फोन नंबरांची एक झेरॉक्स मिळाली. त्यात आमच्या विमान कंपनीचा नंबर नव्हता. एका रात्रीचं हॉटेल आणि दोन नवी तिकिटं आमच्या खिशातून गेली. यात निम्मी चूक माझीच, हे कबूल करते. जहाज ज्या दिवशी लागणार त्याच दुपारचं विमान घेऊ नये. मी घेतलं होतं.

आता भरपाई. शुक्रवारीच जहाजावर जाहीर झालं होतं की प्रत्येक केबिनला जहाजावर खर्च करायला काही क्रेडिट मिळेल. माणशी नव्हे, केबिनमागे. ते शेवटच्या रात्रीपर्यंतच वापरायचं, उरलं तर बुडीत. त्या रात्री जहाजावरच्या दुकानांत जी झुंबड उडाली ती बघण्यासारखी होती. नको असलेल्या टोप्या, नको असलेली घड्याळं. आम्हीही एक छत्री घेतली. शिवाय पुढच्या प्रवासासाठी भाड्याच्या पंचवीस टक्के क्रेडिट. बारा महिन्यांत बुकिंग करायचं, दुसऱ्याला देता येणार नाही, रोख मिळणार नाही. आणि हे पंचवीस टक्के फक्त मूळ भाड्यावर. कर, बंदरशुल्क, रोजची टिप आपोआप कापली जाते ती, असलं काही त्यात धरलेलं नाही. एकूण भरलेल्या पैशांशी ताडून बघितलं तर पंचवीसचे एकोणीस टक्के होतात.

रद्द झालेल्या बंदरांचं शुल्क परत मिळतं. तो उपकार नाही, आपण ज्या बंदराला लागलोच नाही त्याचे ते पैसे असतात. कंपनीच्या पत्रात मात्र ते "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही देत असलेल्या पॅकेजचा भाग" म्हणून आलं. जहाजावर बुक केलेल्या सहलींचे पैसेही तसेच. आपलेच पैसे आपल्याला पाकिटात घालून, वर फीत बांधून द्यायचे. हिशेबाच्या वहीत आम्ही याला परतावा म्हणायचो. यांच्या वहीत ती भेट होती.

परत आल्यावर मी प्रवास विम्याचा दावा केला. आमच्या पॉलिसीत वाहतूक कंपनीच्या यांत्रिक बिघाडामुळे पुढचं विमान चुकलं तर त्याचा खर्च आणि चुकलेल्या प्रत्येक बंदरामागे ठरलेली रक्कम असं कलम होतं. विमावाल्यांनी एकच कागद मागितला: उशीर किती आणि कशामुळे, हे क्रूझ कंपनीच्या लेटरहेडवर. मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

पाच आठवडे लागले. फोनवर आधी सांगितलं, तुमचं बुकिंग एजंटमार्फत आहे, एजंटशी बोला. एजंट म्हणाला, मॅडम, जहाज त्यांचं, मी कुठून दाखला देऊ? परत कंपनी. संकेतस्थळावरच्या फॉर्ममध्ये हजार अक्षरांची मर्यादा, आणि जोडपत्र लावायची सोय नाही. चार वेगळ्या माणसांना तीच कहाणी पहिल्यापासून सांगितली. एकदा तर "तुमची केस समाधानकारकपणे बंद झाली आहे" असा ईमेल आला. कोणाचं समाधान, ते लिहिलं नव्हतं.

शेवटी दाखला आला. त्यात कारण होतं: "हवामान आणि कार्यवाहीविषयक कारणे."

मी ते तीनदा वाचलं. हवामान? शुक्रवारी समुद्र परातीतल्या पाण्यासारखा होता. माझ्याकडे रोज केबिनमध्ये येणारं कार्यक्रमपत्रक होतं, त्यावर हवामान छापलेलं असतं: निरभ्र, समुद्र शांत. आणि माझ्याकडे ते पहाटेचं पत्र होतं.

यात शब्दच्छल नाही, सगळे पैसे या शब्दावर फिरतात. तिकिटाच्या अटींत कंपनीला बंदर वगळायची, क्रम बदलायची मुभा जवळजवळ कोणत्याही कारणाने असते, ती सगळ्याच कंपन्यांच्या अटींत असते. पण अटींच्या बाहेर बघितलं की कारण काय आहे त्याला फार किंमत येते. क्रूझ कंपन्यांच्या सीएलआयए या संघटनेने 2013 साली प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंजिनरूमला आग लागून एक मोठं जहाज मेक्सिकोच्या आखातात बंद पडलं होतं आणि ओढून आणावं लागलं होतं, त्यानंतरची ही गोष्ट. त्या सनदेत परताव्याचं वचन आहे ते यांत्रिक बिघाडासाठी: प्रवास रद्द झाला तर पूर्ण, मध्येच संपवावा लागला तर अंशतः. हवामानासाठी नाही. आमचा प्रवास मध्येच संपला नव्हता, नुसता लंगडत गेला, त्यामुळे सनदेचा मला थेट उपयोग झाला नाही. पण कंपनीला "तांत्रिक" हा शब्द का नकोसा असेल हे मात्र कळलं. विम्याचंही तसंच. "कार्यवाहीविषयक" नावाचं कारण माझ्या पॉलिसीतल्या यादीत कुठेच नव्हतं.

मग मी दोन कामं केली. विमावाल्यांना कॅप्टनच्या सहीचं पत्र, रोजची पत्रकं आणि टीव्हीवरच्या वेगाचे मी काढलेले फोटो पाठवले. सोबत कंपनीचा दाखलाही, मुद्दाम. अकरा दिवसांत दावा मंजूर झाला. तिथल्या बाईंनी फोनवर विचारलं, "हे पहिलं पत्र तुम्ही जपून कसं ठेवलंत?" हे शेजारीच बसले होते, त्यांनी नजर चुकवली.

दुसरं काम म्हणजे कंपनीला रीतसर लेखी तक्रार. युरोपीय संघाचा 1177/2010 हा जलप्रवाशांच्या हक्कांचा नियम आहे, आणि क्रूझ संघातल्या बंदरातून निघत असेल तर तो लागू होतो, प्रवासी कुठलाही असो. एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे हुरळून जाणार नाही: उशिरा पोहोचल्याबद्दल भाड्याचा ठरावीक हिस्सा देणारं त्यातलं कलम क्रूझच्या प्रवाशांना लागू नाही, ते स्पष्ट वगळलेलं आहे. पण तक्रारीची मुदत लागू आहे. आपण दोन महिन्यांच्या आत तक्रार करायची, कंपनीने महिन्याभरात ती मान्य, अमान्य की विचाराधीन ते कळवायचं आणि दोन महिन्यांत अंतिम उत्तर द्यायचं. माझे दोन महिने भरायला नऊ दिवस उरले होते. नियमाचा क्रमांक पहिल्याच ओळीत घातला, दोन परस्परविरोधी पत्रं जोडली आणि एकच प्रश्न विचारला: यातलं खरं कोणतं?

त्याआधी कुठल्याही ईमेलला नावानिशी उत्तर आलं नव्हतं. या पत्राला एकोणतिसाव्या दिवशी आलं, खाली नाव आणि हुद्दा. प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे" वगैरे दोन परिच्छेद, आणि मग विमान तिकिटांच्या खर्चापैकी जो विम्यात बसला नव्हता त्याची निम्मी रक्कम "कोणतीही जबाबदारी न स्वीकारता" देत असल्याचं कळवलं. मी घेतली. क्रेडिट रोखीत बदलून मागितलं, ते नाकारलं. मुदत बारावरून अठरा महिने करून दिली.

या कंपनीने परत जायचं का? जहाजासाठी कदाचित जाऊ. हे तर आताच नकाशा उघडून बसतात. पण काही बिघडलं तर आपला कैवार घेणारं कंपनीत कोणी नाही, हे धरूनच जा. एक दिवस आधी पोहोचा, एक दिवस नंतरचं विमान घ्या, विमा स्वतः वेगळा काढा, आणि दाराखालून आलेला कागद, मग तो स्पाच्या सवलतीचा का असेना, घरी पोहोचेपर्यंत फेकू नका.

लिव्होर्नो आणि मार्सेचं बंदरशुल्क एकोणीस दिवसांत आलं होतं. पाल्माचं राहिलं होतं. त्यासाठी तीन ईमेल आणि दोन फोन झाले. ते काल जमा झालं. कार्डाच्या स्टेटमेंटवर त्यापुढे कंपनीने लिहिलंय: सदिच्छा रक्कम.