उफणणीचा जुना पंखा: दोन मोसम वापरून झाल्यावर

घरघंटीची जाळी दुसऱ्यांदा फाटली तेव्हा दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "काकू, मशीनला काही झालेलं नाही. तुमच्या गव्हात खडे आहेत." राग आला. सूप माझ्या हातात आठव्या वर्षापासून आहे. पण आता डोळ्यांना चष्मा, कमरेला पट्टा, आणि गहू माहेरून, मोहोळकडून येतो तो हार्वेस्टरमधून निघालेला. काड्या, कुसळं, टरफलातून न सुटलेले दाणे, ढेकळं, सगळं एकत्र. पन्नास किलोचा कट्टा सुपाने निवडायला तीन दुपारी जायच्या.

दादाच्या गोठ्यामागे हातानं फिरवायचा उफणणीचा, म्हणजे वाऱ्यानं धान्यातलं भूस उडवायचा, पंखा पडून होता. अप्पांनी घेतलेला. त्याआधी आमच्याकडे वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभं राहून वाऱ्यावर उफणत. वारा पडला की सगळे खळ्यावर विडी ओढत बसत. मळणी यंत्र आल्यावर पंख्याचा खुराड्याला आडोसा झाला. दादा म्हणाला, "ने. भंगारवाला वजनावर नेणारच होता." ओतीव लोखंडावरची अक्षरं झिजलीत, नाव लागत नाही. गावात प्रत्येक जुन्या लोखंडाला 'किर्लोस्कर' म्हणतात, त्यामुळे त्यावर माझा विश्वास नाही.

लोखंडी चौकट, पत्र्याची चार पाती, एका बाजूला दात्यांचं मोठं चाक आणि त्याला मूठ. मोठ्या चाकाला साठ दाते, पात्यांच्या दांड्यावरच्या लहान चाकाला बारा. म्हणजे मूठ एकदा फिरवली की पाती पाच वेळा फिरतात. एवढंच यंत्र. जुनं ग्रीस गुळाच्या ढेपेसारखं घट्ट झालं होतं. रॉकेल मिळेना म्हणून डिझेलने धुतलं. दोन बुश नवे करून घेतले. रंगाचे पोपडे मात्र सगळे खरवडून काढले, कारण ते थेट धान्यात पडतात. दात्यांवर आणि पात्यांपुढे फॅब्रिकेटरकडून जाळी बसवून घेतली. अप्पांच्या वेळी जाळी नव्हती आणि काकूचा पदर एकदा त्यात गेला होता. माणूस वाचलं, लुगडं गेलं. घरात लहान मूल असेल तर हा खर्च टाळू नका.

आता मुख्य गोष्ट. आमची गच्ची तिसऱ्या मजल्यावर, पुण्यात. खाली जुनी सतरंजी, तिच्यावर प्लास्टिकचा कागद. हे मुठीशी, मी सूप घेऊन पंख्याच्या एका बाजूला, दीड हात पुढे. सूप छातीइतकं उंच धरून कड थोडी थोडी कलती करायची. जाड धार पडली तर भूस आत अडकून दाण्याबरोबर खाली येतं. धार बोटभर रुंद आणि पातळ हवी. भरलेला दाणा जवळपास पायाशी पडतो. फूटभर पुढे पोचट आणि फुटका दाणा, त्यापुढे काड्या, आणि कुसळं तर थेट कठड्यापर्यंत. तीन वेगळ्या पट्ट्या डोळ्यांसमोर आखल्या जातात. मधली पट्टी मी कबुतरांना न घालता पुन्हा एकदा उफणते, त्यात चांगला दाणा निघतो.

सगळं अवलंबून आहे फिरवणाऱ्यावर. एक लय हवी. मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस फेरे गव्हाला चालतात. ज्वारीला तेवढा वारा दिला की चांगला दाणाही पुढे जातो, तिला तीस-पस्तीसच. पहिल्या दिवशी ह्यांचा फोन वाजला, एक हात खिशात गेला, मूठ मंदावली आणि अख्खं सूपभर भूस साफ झालेल्या ढिगावर बसलं. तेव्हापासून फोन खाली घरात.

गहू लोकवन होता. (हे लोकवन म्हणजे मूळचं 'लोक-1', गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीतलं वाण. बाजारात एकाचा 'वन' झाला आणि तो टिकला.) पन्नास किलोंना पाऊण तास लागला. सव्वा किलो कचरा निघाला, तो मी तोलला. आणि जे मला आधी समजायला हवं होतं ते इथे सांगते: पंखा खडे काढत नाही. वाऱ्याला फक्त हलकं-जड कळतं. खडा जड, तो दाण्याबरोबर इमानदारीत पायाशीच पडतो. म्हणजे ज्यासाठी पंखा आणला तेच काम तो करत नाही!

तरी परत पाठवला नाही. कारण भूस गेल्यावर खडा दिसतो. आता आधी मोठ्या भोकांच्या चाळणीतून ढेकळं आणि काड्या काढते, मग पंखा, मग बारीक चाळणीने माती आणि तणाचं बी, आणि शेवटी सूप. सूप किंचित तिरकं धरून घोळलं की दाणा पुढे सरकतो, खडे मागे राहतात. तीन दुपारींचं काम एका दुपारी उरकतं आणि कंबर शिल्लक राहते. पाण्यात रोळूनही खडे निघतात, पण मग दोन दिवस कडक ऊन हवं. दमट गहू घरघंटीत घातलात तर पीठ जाळीला लिंपून बसतं.

टेबलफॅन लावून बघा असं सगळे सुचवतात. मी बघितलं. त्याचा वारा फिरत, पसरत येतो, पट्ट्या पडत नाहीत, आणि भुसाची धूळ मोटारीत जाते. खपली गव्हाला मात्र पंखा एकटा उपयोगाचा नाही. तिचं टरफल दाण्याला घट्ट असतं, आधी सडून, म्हणजे कांडून, घ्यावी लागते. मग टरफलं उडवायला पंख्यासारखं दुसरं काही नाही.

तक्रारी दोन. एक, आवाज: दात्यांची खडखड दुसऱ्या मजल्यापर्यंत जाते. दोन, भूस. पहिल्या वर्षी मी वारा न बघता मार्चमध्ये बसले आणि शेजारच्या गच्चीवरच्या ओल्या कुरडयांवर गव्हाची कुसळं शिंपडली. त्या बाई अजून जिन्यात मान वळवतात. आता आधी एक मूठ भूस उडवून वाऱ्याची दिशा बघते, नाकाला फडकं बांधते आणि मगच सूप उचलते.

एकट्या माणसाने हा पंखा घेऊ नये, दोन जण लागतातच. वर्षाला कट्टा-दोन कट्टे भरणाऱ्या, स्वतःची गच्ची किंवा अंगण असलेल्या घराला तो जमतो. पाच-दहा किलो पिशवीने आणणाऱ्यांना सूपच बरं.

यंदाचे खडे मी एका वाटीत साठवले. एका कट्ट्यात सदतीस निघाले, त्यातले चार डांबराचे, म्हणजे गहू कुठल्या तरी रस्त्यावर वाळला होता. दादाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "रस्त्यावर नाही, पंचायतीसमोर." घरघंटीची जाळी अजून तीच आहे.