प्रेशियस प्लास्टिकचं इंजेक्शन यंत्र: डिझाइन वर्कशॉपला परवडतं का?

प्रेशियस प्लास्टिक हा भंगार प्लास्टिकपासून नव्या वस्तू बनवण्याचा प्रकल्प; त्याचं हे यंत्र प्लास्टिक वितळवून साच्यात दाबतं. डच डिझायनर डेव्ह हाकेन्सच्या आइंडहोव्हनमधल्या (नेदरलँड्स) 2013च्या पदवी प्रकल्पातून आलेल्या या यंत्राचे आराखडे फुकट मिळतात. नळीवर हीटर पट्ट्या, तापमान नेमकं राखणारा पीआयडी कंट्रोलर आणि हाताने ओढायचा दांडा, बस्स. बिघडलं तर विद्यार्थीच उघडतात, हा मोठा गुण.

खरी मेहनत भंगार निवडण्यात. बाटल्यांची झाकणं कधी एचडीपीई, तर कधी पीपी या प्रकारच्या प्लास्टिकची. पहिलं साधारण 130, दुसरं 160 अंशांना वितळतं. मिसळली की वस्तूला पापुद्रे सुटतात. पीव्हीसी अजिबात नको, तापलं की हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. थंड साच्यात माल अर्ध्यातच गोठतो.

साचा मात्र वेगळा करावा लागतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये कोरून घ्यायचा वेळ सत्राच्या सुरुवातीलाच धरा. मुठी, हुक, बटणं छान निघतात. पातळ, मोठ्या वस्तूंचा नाद सोडा.