घर विकण्याआधी केलेला खर्च : नऊ महिन्यांचा हिशोब

पुण्यात कर्वेनगरमधला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट एप्रिलमध्ये विकला. कार्पेट 640 चौरस फूट, तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, 1996 ची इमारत, लिफ्ट नाही. विकायला काढायचं ठरलं ऑगस्टमध्ये, आणि तेव्हापासून घर ‘दाखवण्यासारखं’ करण्यावर आम्ही एकूण 1 लाख 3 हजार रुपये घातले. त्यातले निम्म्याहून जास्त पाण्यात गेले. कुणाला उपयोग झाला तर बघा.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. बेडरूमच्या एका भिंतीला ओल होती. वर छताच्या कोपऱ्यात पिवळट डाग, खाली बाथरूमच्या बाजूला वीतभर पट्टा, त्यावर पांढरा लोणा फुललेला. कपाटामागे असल्यामुळे आम्हीही दहा वर्षं तिच्याकडे कानाडोळाच केला होता. रंगारी म्हणाला, “ताई, डँपप्रूफ मारून देतो, दोन पावसाळे बघायला नको.” सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भर पावसात त्याने पुट्टी, प्रायमर आणि वर क्रीम रंगाचे दोन हात मारले. सगळ्या घराच्या रंगाचे 46 हजार झाले. घर खरंच सुंदर दिसत होतं. पितृपक्षात कुणी घर बघायला येत नाही, म्हणून दसऱ्यापर्यंत थांबलो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी एक कुटुंब आलं, सोबत मुलाची आई. बाकीचे हॉलमध्ये एजंटशी पार्किंगचं बोलत होते. या बाई सरळ बेडरूममध्ये गेल्या, भिंतीवरचं कालनिर्णय उचललं आणि मागे तळहात टेकवला. रंगाला कोथिंबीर वडीएवढा फुगा आला होता. त्यांनी नखाने जरा दाबला तर पापडासारखा पोपडा हातात आला. आवाज न चढवता म्हणाल्या, “हे झाकलंत, तर न दिसणारं अजून काय काय असेल?” मला उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी एजंटने पाच लाख उतरायचा सल्ला दिला.

नंतर एका जाणकार गवंड्याने समजावलं. भिंतीत पाणी आहे तोवर वरून कितीही चांगला रंग मारा, तो आतलं पाणी कोंडतो. पाण्याबरोबर क्षार पुढे येतात, रंगाच्या पाठीमागे साठतात आणि त्याला ढकलून देतात. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं, ते बंद करायचं, भिंत वाळू द्यायची, रंग सगळ्यात शेवटी. आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली होती.

आमच्याकडे पाणी दोन ठिकाणांहून येत होतं. खालचा पट्टा उन्हाळ्यातही ओला असायचा, म्हणजे तो बाथरूमचा. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा गेलेला निघाला. फरशी उखडून, वॉटरप्रूफिंग करून परत बसवायला 21 हजार लागले. वरचा डाग फक्त पावसात वाढायचा, म्हणजे गच्चीचा. तिथे खुऱ्याजवळचा, म्हणजे पावसाचं पाणी पाइपात उतरतं त्या तोंडाजवळचा, कोबा तडकला होता आणि कठड्याच्या कडेचा वाटा (गच्ची आणि कठडा जोडणारी सिमेंटची गोलाई) फुटला होता. आम्ही हे स्वतःच्या खिशातून करायला निघालो होतो. पण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची दुरुस्ती आणि गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्याच्या छताचं आणि प्लास्टरचं झालेलं नुकसान, दोन्ही सोसायटीच्या खर्चाने करायचं असतं. अर्ज दिला. कमिटीत थोडी कुरकुर झाली (“आता विकायच्या वेळी बरं आठवलं!”, आणि ते काही चूक म्हणत नव्हते), पण डिसेंबरमध्ये काम झालं. खुऱ्याला बोळा घालून गच्चीवर 48 तास पाणी कोंडून बघितलं, आमच्या छताला थेंब नाही.

मग मी एक गोष्ट केली ज्यावर घरातच मतभेद झाले. ती भिंत रंगवलीच नाही. पुट्टी खरवडून, नुसतं सिमेंटचं प्लास्टर तसंच उघडं ठेवलं, सहा आठवडे. एजंट वैतागला, “मॅडम, असं घर कोण दाखवतं? नवरीला गोधडी गुंडाळून बसवल्यासारखं झालं.” भिंतीला टेकवून एक फाइल ठेवली. उखडलेल्या फरशीचे फोटो, प्लंबरचं बिल, सोसायटीच्या ठरावाची प्रत. येईल त्याला मी आधी तीच भिंत दाखवायची, मग बाकीचं घर. एवढा जाहीर कबुलीजबाब मी आयुष्यात कधी दिला नव्हता.

बाकीचं भराभर. ओट्यामागे नव्या टाइल्स लावल्या, 14 हजार. एकाही माणसाने त्यांचा उल्लेख केला नाही. बाथरूमच्या सांध्यांचं ग्राउटिंग आणि दोन नवे नळ, 9 हजार, पै न् पै वसूल. लोक नळ सोडून बघतातच, फ्लश दाबतातच, आणि सिंकखालचं दार उघडून वाकून वास घेतात. नळावरचे खाऱ्या पाण्याचे डाग घालवायला ॲसिड वापरू नका, चकाकी जाते आणि सांधेही खातं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं की पुरतं. भगभगीत पांढऱ्या ट्यूब काढून पिवळसर उजेडाचे दिवे लावले, साडेतीन हजारात हॉलचं रूप पालटलं. फोटोग्राफरचे 4 हजार मात्र अंगाशी आले. त्याच्या लेन्समधून हॉल एवढा मोठा दिसला की प्रत्यक्ष दारात उभा राहिलेला माणूस आधी खट्टूच व्हायचा. शेवटी सकाळी दहाच्या उन्हात मुलाने मोबाइलवर काढलेले फोटो टाकले.

अगरबत्तीबद्दल वेगळं सांगायला हवं. कुणी यायचं म्हटलं की मी धूप लावायचे. एका गृहस्थांनी दारातच विचारलं, “वास कसला झाकताय?” तेव्हापासून फक्त खिडक्या उघड्या आणि त्या दिवशी मासे नाहीत, एवढंच पथ्य.

खरा फरक पडला तो पसारा काढल्याने. दिवाण, सासूबाईंचं लोखंडी कपाट, माळ्यावरचे 28 वर्षांचे खोके, सगळं टेम्पोत घालून हलवलं. सफाईसकट साडेपाच हजार. रिकाम्या बेडरूममध्ये उभी राहिले तेव्हा मलाच वाटलं, अरे, ही खोली एवढी मोठी होती?

फेब्रुवारीत एक तिशीची मुलगी आली, एकटी. वनाझ मेट्रो किती लांब, पाणी किती वेळ येतं, हे विचारून झाल्यावर फाइल घेऊन खिडकीशी उभी राहून तिने सगळी बिलं वाचली. भाव 82 लाखांवर ठरला. आम्ही 84 म्हणत होतो, म्हणजे दोनच लाख उतरलो. आठवड्यात विसार पावती झाली. घर तिच्या एकटीच्या नावावर असल्याने मुद्रांक शुल्क सातऐवजी सहा टक्के लागलं, म्हणजे तिचे 82 हजार वाचले. माझा घरावरचा सगळा खर्च त्याहून थोडाच जास्त होता, हे कळल्यावर मी जरा गप्पच झाले.

अडलं ते कागदांवर. खरेदीखत आम्हा दोघांच्या नावे, पण सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर फक्त ह्यांचं नाव, आणि बँक कर्ज द्यायला तयार नाही. ते दुरुस्त करायला तीन आठवडे गेले. रंगाऱ्याला बोलावण्याआधी कपाटातली फाइल उघडली असती तर? इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत कराची पावती, सोसायटीचं येणे-बाकी नसल्याचं पत्र आणि सगळ्यांवर एकसारखी नावं, हे ऑगस्टमध्येच फुकटात बघता आलं असतं. आणखी एक : सीएने सांगितलं की रंगकामाचा खर्च भांडवली नफ्यातून वजा मिळत नाही. 46 हजारांवर तेवढंच मीठ.

जुलैत तिने वास्तुशांतीला बोलावलं. पाऊस धो धो कोसळत होता. ओट्यामागच्या माझ्या टाइल्स फोडून तिने काळा ग्रॅनाइट लावला होता. बेडरूममधली भिंत फिक्या हिरव्या रंगात रंगवलेली. प्रसादाचं ताट एका हातात धरून मी नकळत दुसरा तळहात भिंतीवर ठेवला. मागून तिचा आवाज आला, “काकू, कोरडी आहे हो, मी रोज बघते!”