पुराचं इंजिन सांभाळायला दिलं आणि गिअरकेस बदलून परत आलं

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली तेव्हा आमच्याही गावात छातीएवढं पाणी होतं आणि गावाकडं स्वतःची बोट नव्हती. त्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात, यावरून अंदाज येईल. पुढच्या वर्षी मंडळानं दारोदार फिरून वर्गणी काढली आणि हवा भरायची रबरी बोट व २० एचपीचं फोर स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागं अडकवायचं इंजिन, घेतलं. जुलै २०२१ च्या पुरात त्याच इंजिनवर आम्ही मळ्यातली म्हातारी माणसं आणि नऊ दिवसांची एक बाळंतीण बाहेर काढली. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की आमच्याकडून जे नेलं ते नुसतं मशीन नव्हतं.

नदीकाठच्या ज्या ज्या गावांनी, मंडळांनी अशा बोटी घेतल्यात त्यांनी पुढचं नीट वाचावं.

रबरी बोटीचं काही नाही. हवा काढली, पुसली, शंखजिरं मारलं, घडी घालून माळ्यावर टाकली की झालं. अडचण इंजिनची. पन्नास किलोच्या आसपास वजन, तेही सगळं एका टोकाला, डोक्यात. धरायला धड जागा नाही. दोघांनी उचललं तर एकाच्या वाट्याला अख्खं इंजिन येतं आणि दुसऱ्याच्या हातात नुसता दांडा राहतो. तीन वर्षं ते माझ्या गोठ्याच्या खोलीत होतं. उंदरांनी एकदा वायर कुरतडली. शिवाय गोठा पुराच्या रेषेत, म्हणजे पाऊस लागला की तेच इंजिन आधी उचलून शाळेच्या वरच्या मजल्यावर न्यायचं. एका वर्षी जिन्यात एका पोराच्या कमरेत उसण भरली ती पंधरा दिवस. दर दिवाळीला मंडळात एकच विषय, यंदा कुणाच्या घरी?

अशात ऑक्टोबर २०२४ ला ओळखीतून एक माणूस आला. मूळचा आपल्याच भागातला, आता समुद्रकिनाऱ्याकडं बोटींची, इंजिनांची कामं करतो म्हणाला. ‘दादा, तुम्ही कशाला जीव काढताय? माझ्या शेडमध्ये स्टँडवर उभं ठेवतो. सर्व्हिसिंग करून मे संपायच्या आत दारात आणून देतो.’ नऊ हजार ठरले, पाच आगाऊ. बोलणं गोड, हाताला ग्रीसचा वास, आणि इंजिनचं झाकण काढून भाग पटापट नावानं सांगितले. आम्हाला तेवढं पुरलं. पाच हजारांची पावती मागितली, ती त्यानं वहीच्या कागदावर लिहून दिली. इंजिनचा नंबर त्यावर नव्हता आणि आम्हीही लिहा म्हटलं नाही.

पहिली खूण त्याच दिवशी मिळाली होती. त्यानं टेम्पोत गादी टाकली आणि इंजिन आडवं केलं, पण उलट्या कुशीवर. फोर स्ट्रोक इंजिन कुठल्या कुशीवर निजवायचं हे कंपनी पुस्तकात देते, बऱ्याच मशीनवर चित्राचा स्टिकरही असतो. आमच्या झाकणावर तो आहे. चुकीच्या कुशीवर ठेवलं की खालचं तेल सिलिंडरमध्ये उतरतं. मी त्या चित्रावर बोट ठेवून दाखवलं. ‘आवो काय होत नाय,’ म्हणाला आणि दोरी आवळली. ज्याचा हा रोजचा धंदा त्याला ही गोष्ट ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असून फिकीर नसेल, तर दोन्हीचा अर्थ एकच होतो. मी तिथंच टेम्पो थांबवायला पाहिजे होता.

मधल्या काळात दोनदा फोन केला. ‘बघायला येऊ का?’ म्हटलं की शेडचं काम चाललंय, पुढच्या आठवड्यात या. फोटो मागितला तर ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं दिसत होतं.

मेच्या २८ तारखेला इंजिन आलं. दिलेल्या शब्दाप्रमाणे, वेळेत. चकचकीत धुतलेलं, खालच्या भागाला नवा रंग. पाण्याच्या पिंपात लावून सुरू करून दाखवलं, थोडा धूर टाकला आणि चाललं, बाजूनं पाण्याची पिचकारीही जोरात आली. आम्ही उरलेले चार हजार दिले, वर चहा पाजला. पिंपातल्या परीक्षेवर विश्वास ठेवू नका. इंजिन पिंपात न्यूट्रलला फिरतं, गिअरवर भार येतच नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात घाटावर बोट उतरवली. चार माणसं बसली, मी पुढचा गिअर टाकला, थ्रॉटल दिला, आणि खालून दात घासल्यासारखा आवाज. गिअर सुटायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा सुटायचा. पाणी संथ होतं म्हणून वल्ह्यांनी काठाला आलो. हेच पुराच्या धारेत, पुलाच्या खांबांपाशी झालं असतं तर काय, ते मला लिहवतही नाही.

घरी आणून गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल केला. ताटलीत जे आलं ते तेल नव्हतं, दुधाळ, साय धरल्यासारखं काहीतरी होतं. म्हणजे सील गेलेलं, आत पाणी शिरलेलं. तेव्हा स्केगकडं, म्हणजे तळाच्या त्या पातळ पात्याकडं लक्ष गेलं. २०२१ ला पाण्याखालच्या कंपाउंडच्या भिंतीवर आपटून तिथं खाच पडली होती. खाच नाही. फोन केला, तर म्हणाला, भरून घेतली, फुकट करून दिलं तुम्हाला. मी पॉलिश पेपर घेतला आणि खाचेच्या जागेवरचा रंग घासला. वेल्डिंगची रेघ नाही, भर नाही, सलग जुनी ओतीव धातू.

मग गिअरकेसचे, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या गिअरच्या खालच्या पेटीचे बोल्ट काढले. त्यांच्या आट्यांत पांढरी, भुसभुशीत पूड बसली होती. अशी पूड खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम झिजल्यावर धरते. आमच्या इंजिननं आजवर समुद्र पाहिलेला नव्हता. बरं, खालचा भाग दुसऱ्याचा लावला एवढंच असेल असं वाटलं, म्हणून बोटीला अडकवायचे क्लॅम्पचे स्क्रू पुसले. ते आमचेच, नंबरची पट्टीही तिथंच, आमचीच. त्या स्क्रूच्या ग्रीसमध्ये बारीक फिकट वाळू आणि शिंपल्याचा नखाएवढा तुकडा निघाला. कृष्णेचा गाळ काळा असतो. तो तुकडा मी काडेपेटीत ठेवलाय.

तेव्हा उलगडा झाला. आमचं इंजिन दिवाळी ते मे झोपलेलं असतं, आणि किनाऱ्यावरचा पर्यटनाचा हंगाम नेमका तेवढाच. तिकडचे जलक्रीडेचे खेळ पावसाळ्यात, मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत बंद. म्हणजे वर्गणीतून घेतलेलं इंजिन सात-आठ महिने कुणाच्या तरी धंद्यावर चाललं, जाताना चांगला गिअरकेस काढून घेतला गेला आणि मोडका लावून आला, असं मी मानतो. समुद्रात चाललेलं इंजिन रोज गोड्या पाण्यानं आतून धुवावं लागतं. ते किती वेळा धुतलं असेल हे बोल्ट सांगत होते.

दुरुस्तीचा अंदाज ७८ हजारांचा निघाला. मंडळाच्या खात्यात एकोणीस होते. त्या माणसानं तिसऱ्या फोननंतर नंबर बंद केला. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिलाय. वकिलांनी सांगितलं की सांभाळायला दिलेली वस्तू परस्पर वापरणं, त्यातला भाग काढून घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये, विश्वासघातात बसतं. पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडंही दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण सगळीकडं पहिला प्रश्न एकच: देताना इंजिन कसं होतं, याचा पुरावा काय? आमच्याकडं वहीचं एक पान आणि २०२१ च्या पुरातला एक फोटो. त्यात स्केग पाण्याखाली आहे.

म्हणून कुणाच्याही ताब्यात द्यायचं झालं तर नंबरच्या पट्टीचा, स्केगचा, गिअरकेसच्या बोल्टांचा, झाकणाखालचा जवळून फोटो काढा, आणि पावतीवर नंबर लिहून सही घ्या. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून गिअरकेसवर येईल अशी रंगाची बारीक रेघ ओढा, बोल्ट फिरला की रेघ तुटते. परत आल्यावर पैसे देण्याआधी गिअर ऑइलचे चार थेंब पांढऱ्या कागदावर पाडा आणि माणसं बसवून नदीत चालवून बघा.

खरं तर देऊच नका. आम्ही आता शाळेच्या वरच्या खोलीत तुळईला चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, बसवलाय, खाली चाकांचं लोखंडी स्टँड. जिना तेवढा राहिला, तिथं दोन बांबूंची डोली करतो आणि चार जण लागतात, पण कमर कुणाची जात नाही. ठेवायच्या आधी पिंपात गोड्या पाण्यावर चालवायचं, उभं ठेवून सगळं पाणी निथळू द्यायचं, टाकीतलं आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल पूर्ण काढायचं. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ओल धरते आणि महिनोन्महिने पडून राहिलं की कार्बोरेटरमधले जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, चोंदतात. वर सुती चादर टाका, प्लास्टिक नको, आत घाम धरतो.

आमचा मूळ गिअरकेस कुठंतरी दुसऱ्या इंजिनला लागलेला असणार. २० एचपीचं, वापरलेलं, स्वस्तात मिळालेलं ओबीएम कुणी २०२५ च्या मे-जूनमध्ये घेतलं असेल तर एकदा स्केग बघा: मागच्या कडेला, टोकापासून दोन बोटं वर, त्रिकोणी खाच आहे, आणि तिच्या डाव्या अंगाला खरवडल्याची बोटभर लांब रेघ.