मियुकी डेलिका ११/० : दिवाळीपासून श्रावणापर्यंत वापरल्यावर

आधी निकाल सांगते, मग कारणं. पेयोटी, ब्रिक स्टिच (दोन्ही सुई-दोऱ्याने मणी एकमेकांना जोडत विणायच्या पद्धती) किंवा लूमवरचं, म्हणजे छोट्या मागावरचं, सपाट विणकाम करत असाल तर हे काचेचे बारीक मणी घ्या, महाग आहेत तरी घ्या. नावातलं ११/० म्हणजे त्यांच्या मापाचा क्रमांक. नुसत्या माळा ओवायच्या असतील तर पैसे वाचवा.

मी मण्यांची कानातली करून विकते, बहुतेक पैठणीच्या नक्षीची. आधी सगळं काम रविवार पेठेतून आणलेल्या काचेच्या बारीक मण्यांवर चालायचं. ते वजनावर मिळतात, रंगही भरपूर. पण एकाच पाकिटात जाडे, चपटे, तिरके, भोक बुजलेले असे सगळे सुखाने नांदतात. माळेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रिक स्टिचमध्ये मात्र एक जाडा मणी आला की पुढच्या चार ओळी त्याच्यापाशी फुगतात. म्हणून आधी ताटलीत मणी पसरून निवडायचे, आणि त्यात संध्याकाळ जायची. गिऱ्हाईक त्या संध्याकाळचे पैसे देत नाही.

डेलिका हे जपानच्या हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामा शहरातल्या मियुकी कंपनीचे मणी. १९८२ मध्ये बाजारात आले. आकार गोल नाही, नळीच्या कापलेल्या तुकड्यासारखा: व्यास साधारण १.६ मिमी, लांबी १.३ मिमी, आणि भोक मोठं, ०.८ मिमीच्या आसपास. एका ग्रॅममध्ये अंदाजे २०० मणी. सगळे जवळपास एकसारखे, त्यामुळे निवडणं जवळजवळ संपलं. क्वचित एखादा कागदासारखा पातळ निघतो, तो मी फेकत नाही. ओळ बसवायला कुठेतरी उपयोगी पडतोच.

खरी गंमत नक्षी काढताना कळते. ब्रिक स्टिचमध्ये मणी भोक उभं ठेवून बसतो, म्हणजे रुंदी १.६ आणि उंची १.३. शाळेच्या चौकोनी वहीवर १५ घरं रुंद आणि २० घरं उंच अशी मुनिया, म्हणजे पैठणीवरचा पोपट, काढली, तर विणल्यावर ती २४ बाय २६ मिमी होते. कागदावरचा उभा आयत जवळपास चौरस होतो आणि पोपट लठ्ठ दिसतो. म्हणून तेच चित्र २५ ओळींपर्यंत ताणावं लागतं. वाढवलेल्या ओळी शेपटीत आणि मानेत घालायच्या. चोचीला हात लावायचा नाही, कारण चोच तीनच मण्यांची असते आणि चौथा मणी पडला की तिचा कावळा होतो. पेयोटीत मणी आडवा बसतो, तिथे हिशेब उलटा. मण्याच्या मापाची घरं असलेला आलेखाचा कागद छापून घेतला तर ही कटकटच उरत नाही.

असा एक तुकडा दोन ग्रॅमच्या आत भरतो. आत्याने घालून पाहिला आणि म्हणाली, "अगं, कानात काही आहे की नाही?" वजनामुळे झुमके सोडून दिलेल्या बायकांना हे पटकन पटतं.

दोऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. डेलिकाच्या कडा गोल मण्यापेक्षा धारदार असतात, साधा नायलॉन तिथे घासून पिसतो. मी ०.१५ मिमी जाडीचा, सहा पाउंडी (म्हणजे तेवढा ताण पेलणारा) फायरलाइन दोरा वापरते. मूळचा मासेमारीचा दोरा तो, पण आता मणीकामवाल्यांचाच झालाय. त्यातला स्मोक रंग बोटांना काळं लावतो आणि पांढऱ्या मण्यांवर राखाडी छटा सोडतो, तेव्हा फिकट कामाला त्यातलाच पांढरट क्रिस्टल घ्या. सुई १२ नंबरची. दहा नंबरची सुरुवातीला सोपी जाते, पण दोऱ्याचं टोक लपवायला त्याच मण्यातून तिसऱ्या-चौथ्यांदा जाताना अडकते, आणि जोर लावला की मणी फुटतो.

आता तक्रार, आणि ती मण्यांपेक्षा विक्रीबद्दल जास्त आहे. मणी ज्या नळीत भरून येतात त्या मूळ नळीवर 'डीबी' आणि पुढे रंगाचा क्रमांक असतो. एका ऑनलाइन विक्रेत्याने सुटे करून, क्रमांक न लिहिता पाकिटं पाठवली. त्यातला सोनेरी उन्हाळ्याच्या घामात दोन महिन्यांत रुपेरी-करडा पडला आणि गिऱ्हाइकाला जोडी बदलून द्यावी लागली. साधा गॅल्वनाइज्ड मुलामा असा उतरतोच. ड्यूराकोट या टिकाऊ लेपाच्या प्रकारातला सोनेरी डीबी १८३२ रोज वापरूनही अजून चांगला आहे. गडद गुलाबी आणि जांभळ्या रंगांत काही मणी रंगवलेले असतात, ते उन्हात विटतात. नवा रंग आला की मी त्याची एक पट्टी विणते, अर्धी कागदाखाली झाकते आणि खिडकीत ठेवते. पैठणीचा राणी रंग मला अजून मनासारखा मिळालेला नाही.

काळ्या पोतीसाठी डेलिका घेऊ नका. सरळ कडांमुळे सर पाइपसारखा ताठ दिसतो आणि गोल मण्याची चमक येत नाही. वळणाऱ्या दोरीच्या कामालाही चेक प्रजासत्ताकातले गोल मणी बरे. त्यांचा किंचित कमी-जास्तपणा तिथे शोभून दिसतो.

७.२ ग्रॅमची एक नळी, म्हणजे साधारण १४०० मणी, पार्श्वभूमीच्या रंगाला दीड-दोन जोड्या पुरते. मोठी ऑर्डर असेल तर तो रंग एकदमच मागवा. नंतरच्या लॉटमध्ये छटा किंचित हलते, आणि उजव्या-डाव्या कानात ती लगेच दिसते.